चौथी खोली

ओव्हाळ सर गेले ते मला शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. सकाळी कुणीतरी त्यांचा निरोपसमारंभातला, गळ्यात हार असलेला फोटो टाकला. दुपारपर्यंत खाली साठ-सत्तर जणांनी हात जोडले होते. एकानं लिहिलं, 'इंग्रजीचा बाप माणूस.' दुसऱ्यानं लिहिलं, 'सरांमुळे घडलो.' मी काही लिहिलं नाही. जनरल रजिस्टर पुढ्यात होतं, त्यात नोंदी करत बसले.

मी या शाळेत अठ्ठावीस वर्षं क्लार्क आहे. शाळा भूम तालुक्यात, डांबरी रस्ता संपतो तिथून थोडी आत. माझ्यासमोरून सात मुख्याध्यापक गेले, शिक्षक किती गेले ते मोजलेलं नाही. कुणाच्या बदलीला रडायची मला सवय नाही. ओव्हाळ सरांबद्दल लिहिते आहे त्याचं कारण वेगळं आहे. त्यांचं एक कार्ड माझ्या पर्समध्ये आहे आणि ते अजून ज्याचं त्याला पोचलेलं नाही.

सर लोहाऱ्याकडचे. कुटुंब तिकडंच, गावाकडं. इथं ते पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत एकटे राहायचे आणि शनिवारी अर्धी शाळा सुटली की दोन एसट्या बदलून घरी जायचे. उंचीनं बेताचे. कायम पांढरा शर्ट, आणि उजव्या बाहीवर कुठं ना कुठं निळ्या ऑइल पेंटचा डाग. डबा रोज एकच, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा. मुलांना कधी 'छान' म्हणायचे नाहीत. फार खूश झाले तर 'चालंल' म्हणायचे. त्या एका 'चालंल'साठी पोरं आठवडाभर झटायची.

इंग्रजी ते स्वतःच शिकले होते. त्यांची आई एका डॉक्टरांकडं झाडलोट करायची. तिथल्या रद्दीतून तिनं एक फाटका शब्दकोश आणला होता. त्याची शेवटची पानं उंदरांनी खाल्लेली. त्यामुळं सर वर्गात सरळ सांगायचे, "एस अक्षरापर्यंत माझा भरवसा धरा. पुढचं मी मोठेपणी शिकलोय, ते तपासून घ्या."

बोलताना त्यांचं इंग्रजी अडखळायचं. पण शब्द कसा बसतो-उठतो ते त्यांच्याइतकं समजावून सांगणारा माणूस मी पाहिला नाही. आणि मी ऑफिसात बसून, भिंतीपलीकडून, सगळ्यांचेच तास ऐकलेत.

शब्द एकटा येत नाही, भावकी घेऊन येतो, असं ते म्हणायचे. एकेका शब्दाचं घर, त्याला चार खोल्या. "क्रियापद म्हंजे घरातलं राबणारं माणूस. नाम म्हंजे त्यानं राबून जे उभं केलं ते. विशेषण म्हंजे लोक त्या घराला ज्यावरून वळखतेत ते. आणि चौथ्या खोलीत क्रियाविशेषण बसतं. राबणारा कसा राबला, हे फक्त त्याला ठाऊक असतंय. त्याच्याकडं कुणी जात न्हाय. पण खरी बातमी त्याच्याकडंच असती."

एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, हॅपीच्या घरात राबणारं कोण? मला घावंना."

"कुणीच न्हाय," सर म्हणाले. "म्हणून तर ते घर हॅपी हाय."

वर्ग हसला. भिंतीअलीकडं मीही हसले.

जूनमध्ये दहावीचा वर्ग भरला की चिठ्ठ्या निघायच्या. ज्याला जो शब्द येईल ते त्याचं वर्षभराचं घर. वर्गाच्या मागच्या भिंतीवर सरांनी ओळी आखलेल्या असायच्या. डावीकडं मुलाचं नाव, पुढं चार खोल्या. शब्द शोधून आणला की लगेच भिंतीवर लिहायची परवानगी नव्हती. आधी त्या शब्दाचं एक वाक्य करायचं, आणि ते वाक्य स्वतःच्या घरातलं असलं पाहिजे, खरं असलं पाहिजे. पुस्तकातलं वाक्य सर घ्यायचे नाहीत. पटलं की मुलाच्या हातात ब्रश द्यायचे. निळ्या ऑइल पेंटनं आपला शब्द आपल्या खोलीत आपणच लिहायचा. मे महिन्यात भिंतीला चुना लागायचा आणि जूनमध्ये नव्या मुलांची नवी घरं.

एक विस्तार अधिकारी तपासणीला आले तेव्हा भिंत बघून वैतागले. "हे काय रंगवलंय? शाळेची भिंत आहे ही." मग एका मुलाला उभं केलं. त्याचं घर प्रोटेक्ट या शब्दाचं. त्यानं चारही खोल्या धडाधड सांगितल्या आणि चौथीचं वाक्यही म्हटलं, की आमची कुत्री शेळीच्या पिलाला अंगाखाली घेऊन निजते. साहेबांना चूक सापडेना. पण हरायचं नव्हतं म्हणून सरांकडं वळून म्हणाले, "तुम्ही बोला ना दोन मिनिटं इंग्रजीत. ऐकू द्या मलाही."

सर चार वाक्यं बोलले आणि अडकले. साहेब हसले. मुलांसमोर हसले.

"साहेब, मी बोलाया कच्चा हाय," सर म्हणाले. "पोरं पक्की करतोय."

शेऱ्याच्या वहीत साहेबांनी लिहिलं की भिंतींचं विद्रूपीकरण टाळावं. तो शेरा मीच फाइलला लावला.

मला एकदा त्यांनी विनाचिठ्ठीचं घर दिलं होतं. चहा पिताना मीच चेष्टेनं म्हणाले, "सर, माझा शब्द कोणता?" ते माझ्या टेबलावरच्या गठ्ठ्यांकडं बघून म्हणाले, "रजिस्टर. राबणं हाय, नोंद हाय, नोंदलेलंही हाय. पण चौथी खोली न्हाय तुमच्या घराला, बाई. केलं एवढंच कळतंय. कसं केलं ते कुठं येत न्हाय."

मी म्हणाले, "क्लार्कला लागत नाही ती."

"ते बी खरंच," म्हणाले, आणि चहा संपवला.

आमचं भांडण व्हायचं ते हजेरीवरून. आमच्या भागात दसरा झाला की अर्धी घरं कुलूपबंद होतात. माणसं ऊसतोडीला जातात, कारखान्यांच्या तळावर पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, घालून सहा महिने राहतात, आणि पोरं बरोबर नेतात. सत्तेचाळीसच्या वर्गात पंचवीस उरतात. सर गेलेल्या मुलांपुढं पेन्सिलीनं हजर अशी बारीक खूण करायचे. कारण हजेरी भरली नाही तर दहावीचा फॉर्म अडकतो.

"सर, हजेरी आज कोण आलं त्याची असते," मी म्हणायचे.

"माझी हजेरी कोण येणार हाय त्याची असती."

"तपासणी लागली तर तुम्ही सुटाल. मी घरी जाईन."

"कुणी घरी जात न्हाय, बाई. पोरंच तेवढी जातेत."

मी रागानं त्या खुणा पेननं पक्क्या करायचे नाही, पण खोडायचेही नाही. ती माझी तडजोड. आणि सर आपलं काम करत राहायचे. तळावर गेलेल्या प्रत्येक मुलाला पोस्टकार्ड. कार्डावर पट्टीनं चार खोल्या आखलेल्या, मुलानं भरलेल्या तेवढ्या भरलेल्या, बाकी रिकाम्या. खाली दोन ओळी. सगळं इंग्रजीत. मी एकदा म्हणाले होते, "मराठीत लिहा की. पोस्टमनलाही कळू द्या." तर म्हणाले, "तळावर त्यांना दुसरं इंग्रजी कुठं दिसणार? तेवढ्या दोन वळी तरी वाचतील." पत्त्यावर मुलाचं नाव, टोळीच्या मुकादमाचं नाव, कारखान्याचा तळ. कार्डं पोचायची. काही मुलं त्या कार्डांमुळं फेब्रुवारीत परीक्षेला परत आलेली मी पाहिली आहेत, हे मी मान्य केलं पाहिजे.

पूनम ही तळावर जाणाऱ्या मुलांतलीच एक. गोष्ट दहा वर्षांपूर्वीची. उंच, किडकिडीत, लाल रिबिनीच्या दोन वेण्या. हुशार म्हणावी अशी होती, आणि तिला ते माहीत होतं. तिला चिठ्ठीत डिफर हा शब्द आला. वेगळं असणं. जुलैत पहिली खोली भरली. वाक्य असं होतं की माझ्या आईचं मत बापापेक्षा वेगळं असतं, पण मनातल्या मनात. सर म्हणाले, चालंल. दुसऱ्या खोलीचं वाक्य, घर आणि कोपी यांच्यातला फरक म्हणजे दार. हे वाक्य सरांनी दोनदा म्हणून घेतलं. मला भिंतीअलीकडं दोनदा ऐकू आलं. तिसरं, कारखान्यावरच्या पाण्याची चव वेगळी असते.

चौथ्या खोलीला ती अडली. डिफरंटली, म्हणजे वेगळ्या तऱ्हेनं काही केलं, असं वाक्य हवं होतं.

"कुणी केलं म्हणून लिहू, सर?" ती म्हणाली. "आमच्यात समदे एकसारखंच करतेत. आजीनं केलं तसं आई करती. आई करती तसं म्या करणार."

"एक तरी आसंल की."

"न्हाय, सर. लई इचार केला."

दुसऱ्या कुणी शिक्षकानं एखादं वाक्य सांगून टाकलं असतं. सर म्हणाले, "मग राहू दे रिकामी. घडंल तवा लिही."

दसऱ्यानंतर पूनमची टोळी गेली. सरांनी तिला दोन कार्डं पाठवली. दिवाळीची सुट्टी संपली, फॉर्मची तारीख जवळ आली, आणि एक दिवस सकाळी तिचा बाप ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. सर त्या दिवशी भूमला प्रशिक्षणाला गेले होते.

त्यानं बंडीच्या खिशातून कार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवलं. घामानं मऊ पडलेलं.

"बाई, ह्यात काय लिवलंय?"

मी उचलून वाचलं. चार खोल्या, तीन भरलेल्या, चौथी रिकामी, खाली दोन ओळी. वाचायला किती वेळ लागतो? मला तेवढं इंग्रजी येतं.

"सरांचं आहे," मी म्हणाले. "सर आले की विचारा."

"कवा येतेत?"

"उद्या."

"उद्या न्हाय थांबता येत. टॅक्टर आजच माघारी हाय. तुमीच सांगा की."

"अभ्यासाचं असेल."

"असंल म्हंजी? तुमाला वाचाया येत न्हाय व्हय?"

मी त्याच्यापुढं खुर्ची सरकवली. तो खुर्चीवर बसला नाही, उभ्यानंच बोलत राहिला. "ह्ये दुसरं कार्ड. पोरगी उशाला घिऊन निजती. तळावर माणसं इचारतेत, कुणाचं कार्ड, काय म्हणतंय. मुकादम समद्यांम्होरं वाचाया बसला, त्यालाबी यीना. म्हणला, मास्तर चौकटी काढून पाठवतोय, काय खूण हाय का? म्या काय सांगू, बाई? पोरगी म्हणती, शब्द हायत. कसलं शब्द? मोकळी चौकट कशापायी ठिवली?"

सर बौद्ध, मुलगी दुसऱ्या समाजातली. मुकादम तळावर आणखी काय बोलला असेल ते तो बाप मला सांगत नव्हता, आणि मला सांगायची गरजही नव्हती. एवढं मला त्याच क्षणी कळत होतं. ते लिहून ठेवते, कारण पुढं मला कुणी विचारलं तर मी 'लक्षात आलं नाही' असं म्हणू नये.

त्या दिवशी माझ्याकडं विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरायचं काम होतं. साइट सकाळी तासभर चालायची, मग बंद पडायची, आणि वीज अकराला जायची. हे खरं कारण. दुसरं कारण हे की हजेरीवरून आदल्याच आठवड्यात आमचं भांडण झालं होतं, आणि सरांची कार्डं सरांनीच निस्तरावीत असं मला वाटलं. हेही खरंच.

"तुम्हाला काय हवंय?" मी विचारलं.

"नाव काढा तिचं. दाखला द्या. तिकडंच शाळंत घालतो."

तिकडं दहावीची शाळा नाही हे मला माहीत होतं. पालकानं अर्ज दिला की दाखला द्यावा लागतो, हेही माहीत होतं. मी अर्ज लिहून दिला, त्यानं अंगठा केला. हेडसरांनी मान वर न करता सही केली. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात मी लिहिलं, पालकाच्या इच्छेने. वीस मिनिटांत काम झालं. जाताना तो कार्ड तिथंच विसरला किंवा टाकून गेला. मी ते अर्जाला टाचणी लावून फाइलमध्ये ठेवलं. मी कागद टाकत नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना कळलं. किरकोळ रजेचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवून एसटीनं गेले, आधी परांडा, मग कुर्डुवाडी, मग पुढं कारखान्याकडं. दोन दिवसांनी परत आले तेव्हा चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती आणि ओठ सुजलेला.

"काय झालं?" मी विचारलं.

"पडलो."

नंतर टोळीतल्याच एका बाईकडून कळलं की त्यांना मुलीच्या कोपीपर्यंत जाऊच दिलं नाही. मुकादमाच्या माणसांनी रस्त्यातच गाठलं. महिन्याभरात पूनमचं लग्न झालं, तळावरच. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. लग्न झालं की पोरगी नुसती पोरगी राहत नाही, अर्धा कोयता होते. पोरीचं वय किती, ते माझ्या रजिस्टरला लिहिलेलं होतं. ते बघायला कुणी आलं नाही.

सरांनी मला एकदाच विचारलं. मी शिक्के मारत होते.

"बाई, कार्ड तुम्हाला दावलं होतं त्यानं?"

"हो."

"वाचलं?"

"वाचलं."

"मग सांगितलं न्हाय?"

"काम होतं," मी म्हणाले.

सरांनी माझ्यामागच्या कपाटाकडं पाहिलं. मग म्हणाले, "कार्ड कुठंय?"

"फाइलला आहे."

"राहू द्या."

एवढंच. दुपारी नेहमीच्या वेळी चहाला माझ्या टेबलाशी आले. रोज येत राहिले. मला कधी टाकून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. ते बोलले नाहीत ते माझ्या सोयीचंच होतं, आणि मी ती सोय घेतली.

मे महिन्यात चुना लावायला माणूस आला तेव्हा सर भिंतीशी खुर्ची टाकून बसले. सगळी भिंत पांढरी झाली, चार बोटांची एक पट्टी राहिली. पूनमचं नाव, तीन निळे शब्द आणि रिकामी चौथी खोली. पुढच्या वर्षीच्या मुलांनी विचारलं, सर ही कोण? सर म्हणाले, येणार हाय.

पण बाकी सगळं बदललं. त्या वर्षापासून कार्डं मराठीत गेली, बापाच्या नावानं. आणि सरांनी घरातली वाक्यं मागायचं बंद केलं. पुस्तकातलं चालायचं. मुलं गाइडातली वाक्यं पाठ करून भिंत भरू लागली, जुलैतच सगळ्या खोल्या भरून जायच्या. भिंतीपलीकडून आता काही नवं ऐकू येत नव्हतं. कुणी शेळीचं सांगत नव्हतं, कुणी दाराचं सांगत नव्हतं. दहावीचा इंग्रजीचा निकाल मात्र वाढला. संस्थेनं सरांना शाल दिली. शाल खांद्यावर असताना ते खाली बघत होते. फोटोत ते दिसतं.

ते निवृत्त झाल्यावर त्या वर्गात स्क्रीन बसवला आणि भिंतीला हिरवा रंग दिला. रंगाऱ्याला 'सगळी भिंत घ्या' असं मीच सांगितलं.

त्यानंतर चार वर्षांनी, म्हणजे गेल्या दसऱ्याच्या आधी, भूमच्या आठवडी बाजारात मला मागून कुणीतरी हाक मारली. "क्लार्कबाई!" वळून बघितलं तर पूनम. वेण्या नव्हत्या, पण उंची तीच. उजव्या हाताला कोयत्याचे घट्टे. बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी आणि कडेवर पोर.

"वळखलं का?"

"ओळखलं."

"सर हायत का वो?"

"आहेत. रिटायर झाले. गावाकडं असतात, लोहाऱ्याकडं."

तिनं कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. "भेटले तर सांगा, माझी चौथी खोली ऱ्हायलीय म्हणावं. अजून तसलं काय घडलं न्हाय."

हसून म्हणाली, पण थट्टा नव्हती. मी विषय बदलला. मोठीला शाळेत घातलं का, विचारलं.

"घातलंय की. दुसरीला हाय. हिला म्या तोडीला नेत न्हाय. आईपशी ठिवते. सासू भांडली, नवरा भांडला, म्हणले, समद्यांची लेकरं येतेत, तुझीच काय सोन्याची? म्या म्हणलं, ही दारातच ऱ्हाईल." मग मेथीच्या जुडीकडं वळली. "चला, टोळी आठ दिसात निघणार हाय. लई कामं हायत."

तिचा मोबाइल नंबर मी घेतला. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी शाळेत गेले, दहा वर्षांपूर्वीची फाइल काढली, टाचणी गंजली होती ती सोडवली, आणि रविवारी लोहाऱ्याला गेले. तिथून शेअर जीपनं सरांच्या गावी.

सर अंगणात बाजेवर बसले होते. साखरेनं डोळे गेले होते. माणूस हलताना कळायचं, अक्षर कळायचं नाही. पाय सुजलेले. आवाजावरून मला ओळखलं.

"बाई? एवढ्या लांब? सही ऱ्हायली का कुठं?"

"नाही," मी म्हणाले. "पूनमचं कार्ड आणलंय."

त्यांनी हात पुढं केला. कार्ड घेऊन डोळ्यांपाशी नेलं, बोटानं कडा चाचपल्या, आणि परत माझ्याकडं दिलं. "वाचा."

मी वाचलं. तीन खोल्यांतले तीन शब्द वाचले. चौथी रिकामी आहे, असं सांगितलं. मग खालच्या दोन ओळी इंग्रजीत वाचल्या. ते म्हणाले, "मराठीत वाचा."

मी मराठीत वाचलं. "तुझी एक खोली राहिली आहे. फॉर्मची तारीख जवळ आली, येताना वडिलांना घेऊन ये."

वडील आलेच होते की. एकटे. त्यांना हे वाचून दाखवायला मला वीस सेकंदसुद्धा लागले नसते. हे मी मोठ्यानं म्हणाले नाही, पण सरांच्या लक्षात आलंच असणार. ते म्हणाले, "मीच मराठीत लिहाया पाहिजे होतं, बाई. तुम्ही सांगितलं होतं."

"मी वाचायला पाहिजे होतं."

त्यांनी ते नाकारलं नाही. सुनेनं चहा आणला, तो आम्ही प्यायलो. मग मी बाजारातलं सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. निरोप सांगितला, अजून तसलं काही घडलं नाही म्हणाली. मग मुलीचं सांगितलं. सासू भांडली, नवरा भांडला, तरी तोडीला नेत नाही, हेही सांगितलं.

सर एकदम ताठ झाले. "काय म्हणली? नेत न्हाय?"

"आईपाशी ठेवते. म्हणाली, ही दारातच राहील."

"आन् म्हणती घडलं न्हाय?" त्यांचा हात बाजेवर काहीतरी शोधत होता. "घडलं की, बाई. तिनंच केलं."

"मी लिहू का त्या खोलीत?" मी पेन काढलं.

"न्हाय न्हाय. आपुन लिवलं तर ते आपलं होतंय. कार्ड तिला द्या. तिलाच लिहू द्या." आणि, फार दिवसांनी, "चालंल," म्हणाले. मला म्हणाले की पूनमला, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पूनमला फोन लावला. टोळी निघाली होती, ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मी सांगितलं, सर म्हणतात तुझी चौथी खोली भरली, मुलीला ठेवलंस तेच तुझं वाक्य. तिनं ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग ती म्हणाली, "ह्ये धरतेत व्हय, बाई?"

"सरांनी धरलं."

"मग कार्ड ठिवा तुमच्यापशी. माघारी आल्यावर लिवते."

हे सरांना सांगा म्हणून मी त्यांच्या मुलाला फोन केला. सांगतो म्हणाला. सांगितलं की नाही मला माहीत नाही. विचारायला हवं होतं. मध्येच परीक्षा आल्या. कारखान्यांचे पट्टे अजून पडलेले नाहीत, म्हणजे हंगाम संपलेला नाही, टोळ्या अजून परतलेल्या नाहीत, आणि सर गेले. कार्ड पर्समध्ये आहे.

त्या रविवारी निघताना जीप त्यांच्या अंगणापुढंच उभी होती. ड्रायव्हर आणखी दोन सवाऱ्यांसाठी हॉर्न वाजवत होता. मी मागच्या बाकावर बसले. सर काठी टेकत कुंपणापर्यंत आले. मी कुठं बसलेय ते त्यांना दिसत नव्हतं, ते जीपच्या पुढच्या काचेकडं तोंड करून उभे होते. जीप सुरू झाली. आम्ही त्यांच्यासमोरून पुढं निघून गेलो तरी ते त्याच बाजूला बघत होते, आणि हात वर करून मोठ्यानं म्हणत होते, "बाई! तिला मराठीत सांगा! मराठीत सांगा बरं का!"